मालक, राफा आणि आमची धास्ती

२२ नोव्हेंबर २००७, गुरुवार. इंग्लंडच्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबचा मॅनेजर राफा बेनितेझ पत्रकारांसमोर येऊन बसला. शनिवारी न्यूकॅसलच्या मैदानावर सामना होता आणि अशा बैठकीत नेहमी होतात तेच प्रश्न होणार होते: दुखापती कुणाला, खेळणार कोण, जानेवारीत नवीन कोण येणार. राफानं एकाच वाक्यात उत्तर दिलं. माझं लक्ष नेहमीप्रमाणे माझ्या संघाचा सराव घेण्यावर आणि त्याला शिकवण्यावर आहे. खेळाडूंच्या खरेदीबद्दल विचारलं, तेच वाक्य. अमेरिकेतल्या मालकांबद्दल विचारलं, तेच वाक्य. पत्रकार शब्द बदलून विचारत राहिले, आणि तो एक अक्षरही न बदलता तेच म्हणत राहिला. आवाज चढला नाही, चेहरा हलला नाही.

त्याच्या मालकांनी त्याला नेमकं हेच सांगितलं होतं. जानेवारीची खरेदी राहू दे, हाताशी आहेत त्या खेळाडूंना शिकव, बाकीचं आपण डिसेंबरात भेटू तेव्हा बोलू. राफानं ते सगळ्या जगासमोर शब्दशः म्हणून दाखवलं.

मी ते वाचलं तेव्हा पोटात गोळा आला. सामना हरल्यावर वाईट वाटतं ते वेगळं. ते चार दिवस राहतं, पुढच्या शनिवारी ओसरतं. ही धास्ती मात्र ओसरणारी नव्हती. घरातली दोन मोठी माणसं एकमेकांशी बोलायची बंद झाली की लहान पोरांना जेवण जात नाही, तसं काहीसं त्या दिवसांत मला होत होतं. सकाळी उठलं की पहिली बातमी तीच शोधायची: राफा आहे ना अजून?

त्या वेळी लिव्हरपूलला जानेवारीची घाई का होती, हे सांगायला हवं. हावियर माशेरानो हा अर्जेंटिनाचा मधल्या फळीतला खेळाडू उसनवारीवर आलेला होता. त्याला कायमचा घ्यायचा तर पैशाचा निर्णय वेळेत व्हायला हवा होता. युरोपात खेळाडूंची खरेदी-विक्री वर्षातून दोनदाच होते, उन्हाळ्यात आणि जानेवारीत. जानेवारीत खेळाडू हवा असेल तर बोलणी नोव्हेंबरातच पुढे न्यावी लागतात. नाहीतर तोवर दुसरा क्लब येऊन उचलून नेतो. मॅनेजरच्या डोक्यात हे वेळापत्रक पक्कं असतं. हजारो मैलांवर राहणाऱ्या आणि बर्फावरच्या हॉकीचे संघ चालवणाऱ्या मालकांच्या डोक्यात ते असेलच असं नाही.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल पेठेचा असतो. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, ही नावं इथलं पोर चालायला लागण्याआधी ऐकतं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजीची मॅच असली की दोन पेठांमधली बोलणी आठवडाभर आधीपासून बदलतात. लिव्हरपूल माझ्या घरात आलं ते २००५ मध्ये, चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या इस्तंबूलमधल्या फायनलला. इटलीच्या मिलाननं मध्यंतरापर्यंत तीन गोल चढवले होते, मग आमचा कप्तान जेरार्डनं डोक्यानं पहिला परत केला आणि पुढच्या काही मिनिटांत तीन-तीन झालं. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली. त्या रात्रीचा मॅनेजर राफाच होता. त्यामुळे त्याच्यावर जीव जडण्याला कारण होतं, आणि ते मी लपवणार नाही.

आमच्या घरात तात्या होते, वडिलांचे थोरले चुलतभाऊ. आयुष्यभर तालमीच्या टीमसाठी वर्गणी गोळा करत हिंडलेला माणूस. लिव्हरपूलच्या मालकांनी मॅनेजरला गप्प बसायला सांगितलंय, असं मी त्यांना सांगितलं तेव्हा ते मालक या शब्दापाशीच अडले. "टीमला मालक? टीम काय इकत मिळती व्हय?" मिळते, म्हटलं. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "मग पेठंचं काय?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला जे छळत होतं ते त्यांनी तीन शब्दांत पुढ्यात ठेवलं होतं.

विक्री झाली होती २००७ च्या फेब्रुवारीत. डेव्हिड मूर्स यांचं घराणं अनेक वर्षं क्लब सांभाळत आलं होतं, पण मोठ्या क्लबांशी पैशात बरोबरी करणं आता त्यांच्या आवाक्यात राहिलं नव्हतं. दुबईच्या एका कंपनीशी बोलणी पुढे गेली आणि शेवटी फिसकटली. मग टेक्ससचे टॉम हिक्स आणि त्यांचे भागीदार जॉर्ज जिलेट आले. हिक्स यांच्याकडे डॅलस स्टार्स हा हॉकीचा आणि टेक्सस रेंजर्स हा बेसबॉलचा संघ, जिलेट यांच्याकडे माँट्रियलचा हॉकी संघ. दोघांनी अॅनफिल्डवर, म्हणजे लिव्हरपूलच्या मैदानावर, लाल मफलर उंचावून फोटो काढले. शेजारच्या स्टॅनली पार्कमधल्या नव्या स्टेडियमसाठी साठ दिवसांत कुदळ पडेल, असं जिलेट म्हणाले. क्लबवर कर्जाचा बोजा पडणार नाही, असंही सांगितलं गेलं. दोनच वर्षांपूर्वी ग्लेझर कुटुंबानं मँचेस्टर युनायटेड कर्जावर घेतलं होतं आणि तिथल्या काही चाहत्यांनी रागानं वेगळा क्लबच काढला होता. म्हणून लिव्हरपूलकरांना या आश्वासनाची फार गरज होती.

स्टॅनली पार्कमधलं ते स्टेडियम कधी उभं राहिलं नाही. कर्ज मात्र आलं. खरेदीसाठी बँकेकडून पैसे उचलायचे, आणि व्याज क्लबच्याच तिकिटांतून, टीव्हीच्या पैशातून, जर्सी विकून भागवायचं, अशी ही रचना. जानेवारी २००८ मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि अमेरिकेतली वाकोव्हिया या दोन बँकांकडून ३५ कोटी पौंडांचं नवं कर्ज काढून जुनं फेडलं गेलं, आणि त्यातला १० कोटींहून मोठा भाग थेट क्लबच्या नावावर चढला. राफा नोव्हेंबरात पैशाबद्दल विचारत होता आणि मालक डिसेंबरात बघू म्हणत होते, ते या पार्श्वभूमीवर. त्याला किती दिसत होतं ते तोच जाणे. पण पुढे उघड झालेल्या आकड्यांशी त्याची अस्वस्थता जुळते.

तणावाची पहिली ठिणगी मे २००७ मध्येच पडली होती. अथेन्सला चॅम्पियन्स लीगची फायनल मिलानकडून दोन-एक अशी हरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी राफानं जाहीर सांगून टाकलं की मोठ्या खेळाडूंचा बाजार वाट बघत थांबत नाही, निर्णय आत्ता हवेत. त्या उन्हाळ्यात फर्नांडो टोरेस आला, दोन कोटी पौंडांहून जास्त किमतीला, आणि सगळं निवळल्यासारखं झालं. टोरेस पहिल्याच मोसमात असा काही खेळला की भांडणाची आठवणही नको वाटावी. पण शरद ऋतूत चॅम्पियन्स लीगच्या गटात आम्ही पहिल्या तीन सामन्यांत एकच गुण मिळवला. मग तुर्कस्तानच्या बेसिक्तासला आठ-शून्यनं धुतलं, आणि त्यानंतर ती पत्रकार परिषद आली.

न्यूकॅसलला राफा सूट-टाय न घालता ट्रॅकसूट घालून बाजूला उभा राहिला. शिकवणारा माणूस शिकवायच्या कपड्यांत. तीन-शून्यनं जिंकलो. चार दिवसांनी, २८ नोव्हेंबरला, अॅनफिल्डवर चॅम्पियन्स लीगमध्ये पोर्तुगालच्या पोर्तोशी सामना होता. हरलो असतो तर युरोप संपल्यात जमा होता आणि बहुधा राफाही. त्या संध्याकाळी सामन्याआधी चाहत्यांनी मोर्चा काढला. मॅनेजरच्या बाजूनं, मालकांना ऐकू जावं म्हणून. बॅनर, राफाचे फोटो, त्याच्या नावाची गाणी, आणि विटांच्या बुटक्या घरांमधून अॅनफिल्डकडे सरकणारी माणसं.

इथे रात्री सव्वा वाजता मी टीव्हीचा आवाज अगदी कमी करून बसलो होतो. टोरेसनं पहिला गोल केला. पोर्तोनं मध्यंतराच्या आधी बरोबरी साधली. मग पाऊण तास काहीच होईना. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला टोरेसनं दुसरा मारला, जेरार्डनं पेनल्टी घेतली, क्राउचनं शेवटचा. चार-एक. प्रेक्षक गोलांपेक्षा मॅनेजरच्या नावानं जास्त ओरडत होते. संघ जिंकतोय आणि लोक तरीही काळजीत आहेत, असं दृश्य मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

मला तेव्हा एक जण म्हणाला होता, आमच्याच गल्लीतला, लिव्हरपूलचाच चाहता: "लेका, मालकानं पैसं घातल्यात, त्यो बोलणारच की. मॅनेजर नोकरच हाय." हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. राफा भांडकुदळ होता, हे खरंच आहे. व्हॅलेन्सियात दोनदा लीग आणि एकदा युएफा कप जिंकूनही तो तिथून भांडूनच निघाला. मी एक वस्तू मागितली आणि हे दिवा घेऊन आले, अशा अर्थाचं त्याचं तिथलं वाक्य स्पेनमध्ये आजही सांगतात. मागितला होता एका जागी खेळणारा, मिळाला दुसऱ्याच जागी खेळणारा. पुढे २०१० मध्ये इंटर मिलानला क्लब विश्वचषक जिंकून दिल्यावर लगेच त्यानं मालकांकडे जाहीर मागण्या केल्या आणि आठवडाभरात नोकरी गेली. तीन देश, तीन क्लब, एकच भांडण. शिवाय पत्रकारांसमोर तेच वाक्य म्हणत राहण्यात एक हट्ट होता, आणि त्यानं खेळाडूंच्या डोक्यावरचं ओझं वाढलं असणार, असं मला आजही वाटतं.

पण तो नोकरच आहे, हे मला पटलं नाही, पटत नाही. नोकराला काढून टाकलं तर दुकान दुसऱ्या दिवशी उघडतं. फुटबॉलचा मॅनेजर गेला तर त्याच्या भरवशावर आलेले खेळाडू हलायला लागतात, त्यानं तीन वर्षांसाठी आखलेलं सगळं अर्ध्यावर पडतं, आणि नवा माणूस येऊन त्यातलं निम्मं विकून पुन्हा सुरुवात करतो. त्याचा खर्च मालक भरतो खरा, पण कुठून? गेटवरच्या तिकिटातून.

जानेवारी २००८ उजाडला आणि हिक्स यांनी स्वतःच लिव्हरपूलच्या स्थानिक वर्तमानपत्राला सांगितलं की नोव्हेंबरात आम्ही जर्मनीचा माजी प्रशिक्षक युर्गन क्लिन्समनला भेटलो होतो. राफा निघून गेला तर हाताशी कुणी असावं म्हणून, विम्यासारखं. म्हणजे चाहते मोर्चा काढत होते त्याच महिन्यात त्याच्या खुर्चीवर बसायला दुसरा माणूस विचारून झाला होता. धास्ती खरी होती. त्या मुलाखतीपर्यंत लोक आम्हाला सांगत होते की तुम्ही उगाच घाबरताय.

त्या महिन्यात संघानं लीगमध्ये एकही सामना जिंकला नाही. विगन, मिडल्सब्रो, अॅस्टन व्हिला यांच्याशी बरोबरी, वेस्ट हॅमकडून शेवटच्या मिनिटाच्या पेनल्टीवर हार. एफए कपमध्ये हॅव्हंट अँड वॉटरलूव्हिल नावाच्या, व्यावसायिक लीगच्या बाहेरच्या संघानं अॅनफिल्डवर येऊन दोनदा आघाडी घेतली. शेवटी पाच-दोन असे जिंकलो, पण त्या पहिल्या अर्ध्या तासात आपल्या खेळाडूंचे पाय जड झालेले दिसत होते. वरच्या मजल्यावरचं भांडण मैदानात उतरतं का, यावर जाणकार वाद घालतात. मी तो महिना पाहिलाय. माझ्यापुरतं उत्तर तयार आहे.

३१ जानेवारीला सँडन नावाच्या पबमध्ये चाहत्यांची बैठक झाली आणि त्यातून स्पिरिट ऑफ शँकली ही चाहत्यांची संघटना उभी राहिली. ही जागा मला फार महत्त्वाची वाटते. सँडन हे जॉन हाउल्डिंग यांचं. एकोणिसाव्या शतकात अॅनफिल्डवर शहरातला दुसरा क्लब एव्हर्टन खेळायचा आणि जागेचा कारभार हाउल्डिंग यांच्या हातात होता. भाड्यावरून आणि अधिकारावरून क्लबच्या माणसांचं त्यांच्याशी फाटलं. १८९२ मध्ये एव्हर्टननं मैदान सोडलं आणि स्टॅनली पार्कच्या पलीकडे गुडिसन पार्कवर बिऱ्हाड मांडलं. रिकाम्या मैदानावर हाउल्डिंग यांनी नवा क्लब काढला, तोच लिव्हरपूल. म्हणजे लिव्हरपूलचा जन्मच मालकाशी झालेल्या भांडणातून झालाय. आणि एकशे सोळा वर्षांनी त्याच माणसाच्या पबमध्ये बसून लोक मालकांना विरोध कसा करायचा ते ठरवत होते.

संघटनेला नाव दिलं ते क्लबचे जुने मॅनेजर बिल शँकली यांचं. १९५९ मध्ये ते आले तेव्हा लिव्हरपूल दुसऱ्या श्रेणीत होता. त्यांनाही संचालकांशी झगडावं लागलं होतं. न विचारता जॉनी मॉरिसी हा खेळाडू एव्हर्टनला विकला म्हणून त्यांनी राजीनाम्याची भाषा केली होती. इयन सेंट जॉन आणि रॉन येट्स यांच्यासाठी पैसे सुटेनात, तेव्हा एरिक सॉयर या संचालकानं बाजू घेतली म्हणून ते दोघे आले, आणि क्लब वर चढला. क्लब म्हणजे खेळाडू, मॅनेजर आणि चाहते, संचालकांनी फक्त चेकवर सही करायची, अशा अर्थाचं शँकलींचं म्हणणं अॅनफिल्डच्या परिसरात लोक पाठ म्हणतात. मला त्यातलं दुसरं वाक्य अपुरं वाटतं. सही करणाऱ्याचा पैसा कुणाचा आहे, हे विचारायची वेळ शँकलींवर आली नव्हती. आमच्यावर आली.

पुढचं मोसम २००८-०९ चं. राफाचं सर्वांत सुंदर मोसम. मार्चमध्ये चार दिवसांच्या अंतरानं रियाल माद्रिदला अॅनफिल्डवर चार-शून्य आणि मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच मैदानावर चार-एक. त्यानंतर काही दिवसांतच राफानं पाच वर्षांच्या करारावर सही केली आणि मला वाटलं, मिटलं. संपूर्ण लीगमध्ये दोनच सामने हरलो आणि ८६ गुण मिळवले. युनायटेडचे नव्वद झाले. अकरा सामने बरोबरीत सुटले होते. त्यातले दोन जिंकले असते तर पुढचा सगळा इतिहास वेगळा झाला असता का, हा विचार मी फार वेळा केलाय.

उन्हाळ्यात झाबी अलोन्सो रियालला गेला. इथे राफाचाही दोष होता. आदल्या वर्षी गॅरेथ बॅरीला आणण्यासाठी त्यानं अलोन्सोला विकायची तयारी केली होती आणि ते अलोन्सोच्या मनातून गेलं नसावं. त्याच्या जागी रोमाहून अल्बर्टो अक्विलानी आला तो दुखापत घेऊनच. चॅम्पियन्स लीगच्या गटातच बाहेर पडलो, लीगमध्ये सातवे आलो. जानेवारीत हिक्स यांच्या मुलानं एका चाहत्याला शिवीगाळ करणारा ईमेल पाठवला आणि त्याला संचालक मंडळ सोडावं लागलं. चाहत्यांबद्दल वरच्या मजल्यावर काय बोललं जातं याची त्यानंतर आम्हाला कल्पना करावी लागली नाही.

मग हिशेब बाहेर आला. जुलै २००९ ला संपलेल्या वर्षात क्लबची मालकी असलेल्या कंपनीला साडेपाच कोटी पौंडांच्या आसपास तोटा, आणि त्यात व्याजच सुमारे चार कोटी. टोरेससारखे दोघे जण येतील एवढी रक्कम एका वर्षात बँकेला गेली. मी वाणिज्य शाखेत शिकलेला माणूस नाही. ताळेबंद वाचायला मी फुटबॉलमुळे शिकलो. दुभती म्हैस कर्जावर घ्यायची, हप्ते तिच्याच दुधातून फेडायचे, आणि पैसे पुरेनात म्हणून तिची वैरण तोडायची, असा तो कागद होता. सुरुवातीला राफाला पैसे का मिळत नव्हते, हे त्या कागदावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

३ जून २०१० ला राफा गेला. जाताना त्यानं हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत माणसं गमावलेल्या कुटुंबांच्या संघटनेला ९६ हजार पौंड दिले. १९८९ च्या त्या दुपारी गेलेल्यांची संख्या तेव्हा शहाण्णव मानली जायची. शहर कळलेल्या माणसाचं ते देणं होतं. त्याच्या जागी रॉय हॉजसन आले, माशेरानो बार्सिलोनाला गेला. सप्टेंबरात नॉर्दम्प्टनसारख्या चौथ्या श्रेणीच्या संघाकडून अॅनफिल्डवर पेनल्टींवर हरलो, ऑक्टोबरात ब्लॅकपूलकडून, आणि तक्त्यात शेवटच्या तिघांत जाऊन बसलो.

तोवर बँकेनं मालकांना विक्रीसाठी त्रयस्थ अध्यक्ष नेमायला लावला होता. मार्टिन ब्रॉटन. ग्राहक मिळाला, बॉस्टनच्या रेड सॉक्सचे मालक जॉन हेन्री यांची कंपनी, किंमत ३० कोटी पौंड. हिक्स आणि जिलेट यांना ती कमी वाटली आणि त्यांनी विक्रीला मत देणारे दोन संचालकच काढायचा प्रयत्न केला. प्रकरण लंडनच्या हायकोर्टात गेलं. १३ ऑक्टोबरला निकाल मालकांच्या विरोधात लागला, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी डॅलसच्या न्यायालयातून विक्रीला स्थगिती आणली. दोन दिवस लिव्हरपूलचे चाहते फुटबॉलचा एक शब्द न बोलता स्थगितीचे आदेश वाचत होते, मीही. कोर्टाबाहेर लाल जर्सी घालून उभी राहिलेली माणसं टीव्हीवर दिसत होती. कर्ज फेडायची मुदत १५ ऑक्टोबर होती. त्याच दिवशी विक्री झाली. मी तात्यांना फोन केला. "पेठंकडं आली का परत?" त्यांनी विचारलं. नाही, म्हटलं, दुसऱ्या मालकाकडे गेली. "मग अजून वाट बघा."

हे सगळं एका क्लबापुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. त्याच वर्षांत चेल्सीनं जोझे मोरिन्योला सोडलं, कारण मालक रोमन अब्रामोविच यांच्याशी पटेनासं झालं. सप्टेंबर २००८ मध्ये केविन कीगननं न्यूकॅसल सोडलं. त्याला नको असलेला खेळाडू वरच्यांनी त्याच्या गळ्यात मारला होता. लवादानं पुढे कीगनच्या बाजूनं निकाल देऊन २० लाख पौंडांची भरपाई द्यायला लावली. प्रत्येक वेळी आधी अफवा, मग नकार, मग एक विचित्र पत्रकार परिषद, आणि प्रत्येक वेळी चाहत्यांना वेडं ठरवलं जातं. एवढं पाहिल्यावर माझं स्पष्ट मत झालंय: मॅनेजर आणि मालक यांच्यातला ताण चाहत्याला आधी कळतो, कारण त्या क्लबातून काही कमवायचं नसलेला आणि तरी रोज त्याच्याकडे बघणारा तोच एक असतो.

नव्या मालकांच्या काळातही दिवस चांगले आले तरी धास्ती गेली नाही. २०१६ मध्ये ७७ पौंडांचं तिकीट जाहीर झालं तेव्हा बरोबर सत्याहत्तराव्या मिनिटाला हजारो लोक अॅनफिल्डमधून उठून गेले. दोन गोलांची आघाडी होती, सामना दोन-दोन असा सुटला, आणि मालकांनी ते दर मागे घेतले. पण माझ्या डोळ्यांसमोर सर्वांत जास्त राहतो तो १९ एप्रिल २०२१ चा युर्गन क्लॉप, लिव्हरपूलचा तेव्हाचा मॅनेजर. आदल्या रात्री, रविवारी, युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबांनी सुपर लीग नावाची स्वतःची वेगळी स्पर्धा जाहीर केली होती आणि त्यात लिव्हरपूलचं नाव होतं. सोमवारी लीड्सशी सामना, कोविडमुळे रिकाम्या स्टेडियममध्ये. लीड्सचे खेळाडू सरावाला निषेधाचे टी-शर्ट घालून उतरले. बाहेर लोक लिव्हरपूलच्या बसवर ओरडत होते. आणि कॅमेऱ्यासमोर क्लॉप. त्यानं सांगितलं की हे मला आणि खेळाडूंना कालच कळलं, आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. सुपर लीगसारखी कल्पना आपल्याला आवडत नाही, हे त्यानं पूर्वीच सांगून ठेवलेलं होतं. तेही त्यानं नाकारलं नाही.

राफानं जे वाक्याआड दडवून दाखवलं होतं, ते क्लॉपनं उघड सांगितलं. दोघांच्या जागी मला एकच गोष्ट दिसली: ज्यांनी निर्णय घेतला ते समुद्रापार, आणि ज्यानं घेतला नाही तो माइकसमोर. त्या आठवड्यात अॅनफिल्डच्या कॉप या स्टँडमधले झेंडे चाहत्यांनी काढून घेतले. कप्तान हेंडरसन आणि खेळाडूंनी आम्हाला हे नको म्हणून सांगितलं. बुधवारी सकाळी जॉन हेन्री यांनी व्हिडिओ काढून माफी मागितली, क्लॉपचं नाव घेऊन. मालकानं मॅनेजरची जाहीर माफी मागितलेली मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. मला बरं वाटलं, हे सांगायला हवं. पण माफी तीन दिवसांच्या आत आली ती लोक रस्त्यावर उतरले म्हणून.

त्यातून काही गोष्टी झाल्या. चाहत्यांचं मंडळ स्थापन झालं आणि मोठ्या निर्णयांत त्याच्याशी सल्लामसलत करणं क्लबनं स्वतःवर बांधून घेतलं. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये फुटबॉल कारभाराचा कायदा झाला. आता एक स्वतंत्र नियामक आहे, मालकाचा पैसा कुठून येतो हे तो तपासू शकतो, आणि वेगळ्या लीगमध्ये पळून जायला बंदी आहे. २००७ मध्ये हा नियामक असता तर हिक्स आणि जिलेट यांना त्या कागदांवर काही अवघड प्रश्न आले असते. तात्या हे पाहायला नाहीत.

मॅनेजर आणि मालक यांच्यातलं मात्र कायद्यानं सुटत नाही. क्लॉप गेला, २०२४ मध्ये आर्ने स्लॉट आला तो मॅनेजर म्हणून नव्हे, मुख्य प्रशिक्षक म्हणून, आणि पहिल्याच मोसमात लीग जिंकून दिली. खेळाडू घेण्याचं काम तेव्हा क्रीडा संचालक रिचर्ड ह्यूज आणि मालकांच्या कंपनीतले मायकल एडवर्ड्स यांच्याकडे गेलं. यात शहाणपण आहे, एका माणसाच्या हट्टावर क्लब चालू नये हे मलाही राफानंच शिकवलं. पण दर आठवड्याला पत्रकारांसमोर बसतो तो अजूनही प्रशिक्षकच. खरेदीचं, कराराचं, तिकिटाचं उत्तर त्याच्याकडे मागितलं जातं आणि त्याच्या हातात त्यातलं थोडंच असतं. बॉस्टनच्या माणसांनी वर्षातून एकदा तरी अॅनफिल्डमध्ये त्याच खुर्चीवर येऊन बसावं, पत्रकारांचे आणि चाहत्यांच्या मंडळाचे प्रश्न घ्यावेत, आणि पैशाबद्दलची उत्तरं स्वतः द्यावीत. सुरुवात व्हायची तर जानेवारीची खरेदी उघडण्याआधी व्हावी, नोव्हेंबरात.